कोऱ्या चौकटी

राजाजीनगर, बेंगळूरु
रविवार, दुपारी

तीर्थस्वरूप सौ. सुचेताआत्यास,

शार्दूलचा साष्टांग नमस्कार. (घालतोय मात्र खुर्चीत बसूनच, कारण आमच्या खोलीत आडवं होण्याइतकी जमीन शिल्लक नाही, जी होती तिच्यावर साठ पेशंटांच्या फायली पसरल्या आहेत.) इकडे मी बरा आहे. तुझी तब्येत कशी आहे हे रीतीप्रमाणे विचारायला हवं, पण तुझा गेल्या आठवड्यातला सीटी स्कॅन मीच तीनदा पाहिलाय, त्यामुळे तुझ्या फुप्फुसांची खुशाली तुझ्यापेक्षा मलाच जास्त ठाऊक आहे. तेव्हा बाकीची कशी आहेस ते कळव. जेवण जातं का? ऑक्सिजनच्या मशीनची घरघर सहन होत नाही म्हणून ते बंद करून ठेवत नाहीस ना? (ठेवतेस. तुझ्या यजमानांनीच, वासुदेवकाकांनी, चुगली केली आहे.)

तुझा प्रश्न एका ओळीचा होता. आमच्या सरांच्या त्या इंजेक्शनचा खरोखर उपयोग होतो का, आणि त्यासाठी निपाणीचं घर बंद करून सहा महिने बेंगळूरुला येऊन राहावं का? उत्तर फोनवर नको, पत्रानंच हवं, असंही तू बजावलंस. कारण फोनवर माझा आवाज गुळचट होतो, आणि तुला दोन वाक्यांत धाप लागत असल्यामुळे उलटतपासणी घेता येत नाही. बरोबर आहे. चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला मी फोनवर नुसतं 'हो' किंवा 'नाही' सांगितलं असतं, तर तू 'रीत कुठाय?' म्हणून माझा कान धरला असतास. म्हणून आधी रीत लिहितो. ती लांब आहे आणि तिच्यात माझी पुरेशी बेअब्रू आहे, तेव्हा सावकाश, थांबत थांबत वाच.

तुला जो आजार आहे, म्हणजे फुप्फुसं वाळलेल्या दोडक्यासारखी जाळीदार होत जाण्याचा, त्यावरच माझा एमडीचा प्रबंध आहे. (विषय मी तीन वर्षांपूर्वी निवडला. तुझा खोकला गेल्या दिवाळीत सुरू झाला. नशिबाला विनोदाची जाण आहे, पण ती फार हलक्या दर्जाची आहे.) आमचे विभागप्रमुख रविकिरण सर यांनी या आजारावर एका जुन्याच औषधाचं इंजेक्शन दर महिन्याला देऊन पाहायचं ठरवलं. तीस जणांना इंजेक्शन, तीस जणांना नेहमीच्याच गोळ्या. सहा महिन्यांनी प्रत्येकाला कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवायचं आणि किती मीटर चालला ते मोजायचं. हे मोजण्याचं काम भाग्यलक्ष्मी अक्कांकडे. हातात स्टॉपवॉच घेऊन त्या म्हाताऱ्यांच्या शेजारून 'निधान, अज्जा, निधान' (सावकाश, आजोबा, सावकाश) करत चालतात आणि मीटर एका लांबलचक रजिस्टरात लिहितात. हावेरीपासून कोलारपर्यंतची माणसं या बाईनं आमच्या कॉरिडॉरमध्ये चालवली आहेत. माझ्या आधीच्या डॉक्टरीणबाई पास होऊन निघून गेल्या आणि ते रजिस्टर माझ्या गळ्यात पडलं. मी ते नीट समजून घ्यायच्या आधी त्यातले आकडे संगणकात भरले, आणि इथून माझ्या मूर्खपणाला सुरुवात होते.

आकडे भरले एक्सेलमध्ये. सरासरी काढली. इंजेक्शनवाले चालले तीनशे ऐंशी मीटर, बिनइंजेक्शनवाले तीनशे दहा. मी नाचत सरांकडे गेलो. सर म्हणाले, एक्सेल किराणा दुकानदारांसाठी असतं, प्रबंधाला खरं सॉफ्टवेअर लागतं. खरं सॉफ्टवेअर म्हणजे एसपीएसएस. ते आमच्या विभागात एकाच संगणकावर आहे, त्या संगणकावर प्लॅस्टिकचं कव्हर आहे, खोलीला कुलूप आहे आणि किल्ली ज्या क्लार्ककडे आहे तो जेवायला गेलेला असतो. (मी येतो तेव्हा. इतरांच्या वेळी तो असतो म्हणे.) ते शिकायला दोन दिवसांची कार्यशाळा केली. तिथल्या वक्त्यांनी कुठल्या मेनूवर क्लिक करायचं ते सांगितलं, का करायचं ते विचारल्यावर चहाची सुटी दिली. बिसीबेळे भात उत्तम होता. परत येऊन मी क्लिक केलं, तर त्या सॉफ्टवेअरनं एका प्रश्नाला बावीस पानांचं उत्तर दिलं. त्यात शोधशोध शोधून सातव्या पानावर मला माझे तीनशे ऐंशी आणि तीनशे दहा सापडले, आणि गर्दीत ओळखीचं माणूस भेटावं तसा आनंद झाला.

पण हाय! त्या संगणकावर तीन विभागांचे मिळून चौदा जण टपलेले. माझी पाळी मंगळवारी अर्धा तास. मग माझा खोलीतला जोडीदार प्रणीत (नागपूरचा, आयटीतला, दिवसभर मीटिंगमध्ये हिंदी बोलून संध्याकाळी आई-बाबांशी फोनवर मराठीत भांडणारा) म्हणाला, आर शिक. फुकट आहे आणि खोटं बोलत नाही. आर म्हणजे नुसतं ते एक अक्षर, हेच त्याचं नाव. उघडलं की त्यात मेनू नाही, चित्र नाही, काही नाही. एक कांडी लुकलुकत राहते आणि तू काय ते विचार म्हणते. विचारलं की तांबड्या अक्षरात झापते. पहिले तीन आठवडे मी एकेक स्वल्पविराम शोधण्यात घालवले. तुझ्या वर्गात 'ढ' मुलांना काय वाटत असेल ते मला या वयात कळलं, त्यांची माफी माग माझ्या वतीनं.

शेवटी एकदाचे आकडे आत गेले. सरासरी विचारली. आरनं उत्तर दिलं: 'एनए'. म्हणजे उपलब्ध नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. एक्सेलला जमतं, एसपीएसएसला जमतं, आणि हा शहाणा म्हणतो उपलब्ध नाही! इंटरनेटवर शोधलं तेव्हा समजलं की यादीत एखादी जरी चौकट कोरी असली तरी आर सरासरी सांगायला नकार देतो. उपायही तिथेच होता. कंसात इतकंच लिहायचं की कोऱ्या असतील त्या काढून टाक. मी लिहिलं. तात्काळ तीनशे ऐंशी आणि तीनशे दहा! शिवाय 'पी' नावाचा एक आकडा असतो, तो ०.०५ च्या खाली आला की डॉक्टर लोक एकमेकांचे हात हातात घेतात. तो खूपच खाली आला. सरांनी माझा हात हातात घेतला. परिषदेला सारांश गेला, तिथे पोस्टर लागलं, मी पोस्टरशेजारी उभा राहून दात काढले आणि तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आत्या, तो फोटो मी टाकला. काकांनी तो निपाणीत ज्याला-त्याला दाखवला, आणि तुझं घर बंद करायच्या गोष्टी तिथून सुरू झाल्या.

आता पुढचं. प्रबंधात एक तक्ता द्यावा लागतो, प्रत्येक गटात माणसं किती त्याचा. मी आरला विचारलं. इंजेक्शनच्या गटात एकोणीस, दुसऱ्या गटात सव्वीस. मी म्हटलं, याला मोजता येत नाही. एसपीएसएसला विचारलं, त्यासाठी मंगळवारपर्यंत थांबलो. एकोणीस आणि सव्वीस. तेव्हा कुठे मी रजिस्टर उचललं आणि भाग्यलक्ष्मी अक्कांकडे गेलो. पंधरा चौकटी कोऱ्या होत्या. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं की हे लोक आले नाहीत तर तसं लिहायचं नाही का. अक्कांनी स्टॉपवॉच खिशात ठेवलं. त्या प्रत्येक पेशंटच्या घरी सहाव्या महिन्यात स्वतः फोन करतात. त्या पंधरा घरांनी त्यांना सांगितलं होतं की माणूस राहिला नाही. 'जो चालला त्याचे मीटर लिहायचे,' त्या म्हणाल्या, 'जो नाही त्याच्यापुढं शून्य लिहायला माझा हात धजत नाही, डॉक्टर. तो दोनशे मीटर चाललेला मी पाहिलाय.' मेलेल्या माणसाच्या नावापुढे काही लिहायचं नाही, ओळ तशीच सोडायची, ही त्यांची वीस वर्षांची पद्धत. आधीच्या डॉक्टरीणबाईंना ती माहीत होती, मला सांगायची राहून गेली, आणि मी विचारलं नाही.

म्हणजे बघ, काय झालं होतं. दम नसलेले गेले. दमदार होते ते उरले आणि चालले. उरलेल्यांची सरासरी मी काढली आणि इंजेक्शनला शाबासकी दिली. वर्गातली नापास मुलं शाळेतून काढून टाकायची आणि मग शंभर टक्के निकाल लागला म्हणून पेढे वाटायचे, असल्या शाळांना तू आयुष्यभर शिव्या दिल्यास. तुझ्या सख्ख्या भाच्यानं तेच केलं. दोन सॉफ्टवेअरांनी ते मुकाट्यानं केलं, त्यांचा दोष नाही, त्यांना तसंच सांगितलेलं असतं. तिसरं नाही म्हणत होतं. त्याला मी स्वतःच्या हातानं लिहून सांगितलं की या पंधरा माणसांना काढून टाक. ते वाक्य माझ्या फाइलीत अजून आहे, तारीख-वेळेसकट. मी ते पुसलेलं नाही.

सरांना सांगितलं. (माणूस वाईट नाही. त्या इंजेक्शनवर त्यांनी सहा वर्षं घालवली आहेत, आणि परिषदेतल्या टाळ्या त्यांच्या कानात अजून वाजत असाव्यात.) ते म्हणाले, 'स्वल्प नोडोणा.' थोडं पाहू या. आणि मग विचारलं, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केलंस? दुसऱ्या एखाद्यात करून बघ. त्याप्रमाणे गेले दोन आठवडे मी चौथं सॉफ्टवेअर शिकलो. त्याचं नाव तुला सांगत नाही, कारण पाचव्याची वेळ आली तर घोळ होईल. दरम्यान अक्कांनी मला त्या पंधरा घरांचे नंबर दिले आणि मी एकेका घरी फोन करून तारखा विचारल्या. बनशंकरीच्या एका बाई म्हणाल्या, तुम्ही पहिलेच, ज्यांनी गेल्यावर फोन करून तारीख विचारली, बाकीचे बिल विचारतात. एका घरी फोन त्या पेशंटच्याच नावावर होता, लावला की स्क्रीनवर त्याचंच नाव उमटलं. मी काय बोललो ते आठवत नाही. चौकटी भरल्या. आता एकही कोरी नाही.

तर असं माझं संगणकशिक्षण चाललं आहे. एक्सेल येतं, एसपीएसएस अर्धा तास येतं, आर तांबडं होत होत येतं. पावसाळी हवा आहे, छत्री न्यायला विसरतो, पण जेवण वेळेवर करतो. गरम पाण्याची वाफ घेत जा, बागेत उकिडवं बसून तण उपटू नकोस, आणि काकांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
शार्दूल

ता. क. १ : रीत संपली आणि उत्तर लिहायचं राहिलं हे तुझ्या लक्षात आलं असेलच. उत्तर : नाही. इंजेक्शनसाठी येऊ नकोस. तीस इंजेक्शनवाल्यांपैकी सहा महिन्यांत अकरा गेले. बिनइंजेक्शनच्या तिसांपैकी चार. हिशेबाच्या एका पद्धतीनं हा इंजेक्शनचाच दोष ठरतो, दुसरीनं अगदी काठावर योगायोग ठरू शकतो. सर दुसरीच्या बाजूचे आहेत. मी तुझ्या बाजूचा आहे. तू ज्या गोळ्या घेतेस त्याच घे. त्यांनी आजार बरा होत नाही, फक्त सावकाश वाढतो. याहून चांगलं माझ्याकडे काही नाही. असतं तर पळत आलो असतो.

ता. क. २ : सरांनी नवीन इंजेक्शनं थांबवलेली नाहीत. मी कॉलेजच्या एथिक्स कमिटीला काल लेखी कळवलं आहे. त्यामुळे प्रबंधाचं आणि परीक्षेचं काय होईल ते सांगता येत नाही. बाबांना एवढ्यात बोलू नकोस.

ता. क. ३ : हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते इथे आहे. गुरुवारी काकांचा फोन आला होता. तू झोपली होतीस म्हणे. त्यांनी इथे बेंगळूरुत येलहंक्याला ओळखीतून खालच्या मजल्यावरचं घर पाहून ठेवलंय, गादी-भांड्यांची यादी केलीय, आणि मला म्हणाले की निकाल काहीही असो, पत्रात तू 'हो' लिही, तिला तेवढीच उमेद. मला त्यांना सांगणं जमणार नाही, आत्या, मी भित्रा आहे. तूच सांग. चौतीस वर्षांत मुलांचा वाईट निकाल आई-बापांना कसा सांगायचा हे आपल्या घरात फक्त तुलाच आलंय. आणि सांगशील तेव्हा घाईनं पाणी आणायला उठू नकोस, समोर बसून राहा. काका माझ्याजवळ फोनवर रडले. तुझ्यापुढे रडायचं त्यांनी सहा महिने टाळलंय.