हुई शानचा कागदी लॅपटॉप

२४ ऑगस्ट, रविवार

आणि वर मलाच शहाणपण शिकवतो. तेओहकाकाचं कागदी सामानाचं दुकान असेल चाळीस वर्षांचं, पण गिऱ्हाईकाला माल द्यायचा सोडून प्रश्न विचारत बसायचं ही कुठली रीत? मी म्हटलं, मुलीला पाठवायचाय, एक लॅपटॉप द्या. म्हणाला, दोन प्रकार आहेत. एक छापील खोका, तयार. दुसरा बांबूच्या काड्यांवर हाताने बांधतो, झाकण उघडतं-मिटतं, महाग पडेल. मग विचारतो, वहिनी, रोजच्या वापराला हवाय का?

मेलेल्या पोरीचा रोजचा वापर मला काय माहीत?

पितरांचा महिना लागलाय. सहा सप्टेंबरला हा कागदाचा लॅपटॉप जाळायचा, की तिकडे तिला पोचेल. छापीलच घेणार. शेवटी राखच व्हायची. उद्या अर्ध्या तासात काम उरकते.

२६ ऑगस्ट, मंगळवार

काल गेले नाही. पाय दुखत होता.

नवरा म्हणतो, महागाचाच घे की, एकदाच द्यायचाय. एप्रिलमध्ये कुठे गेली होती ही अक्कल? हुई शान तेव्हा मॉलमधून लॅपटॉपच्या दोन जाहिराती घेऊन आली. एक स्वस्त, एक महाग. कुठला घेऊ, आई? हा पेपरात तोंड घालून बसला. मी म्हटलं, स्वस्तातला, नाहीतर काहीच नाही. म्हणाली, तो वर्षात बंद पडेल. मी म्हटलं, मग तू वर्षात शिकून मोकळी हो. जेवण अर्धं टाकून उठली. अकरा दिवस माझ्याशी अबोला. मग डेंगी. चार दिवस हॉस्पिटलात. तिथेही माझ्याशी बोलली नाही, पण ते शुद्धीवर नव्हती म्हणून. नर्स तसंच म्हणाली. नवराही म्हणतो.

मी त्याचा विचार करत नाही. करत बसले तर माझी नूडलची गाडी कोण चालवणार?

२८ ऑगस्ट, गुरुवार

मॉलमधल्या खऱ्या दुकानात गेले. फरक कळावा, एवढ्यासाठीच. विकणारी बाई बोलायला पक्की. विचारलं, मुलगी काय करते? म्हटलं, अकाउंट्स शिकते. म्हणाली, मग स्वस्तही चालेल, पण महाग पाच-सहा वर्षं टिकतो. मी विचारलं, जिथे वीज आहे की नाही ठाऊक नाही तिथे कुठला बरा? बाई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, आंटी, मुलीलाच घेऊन या ना. म्हटलं, तिला वेळ नसतो.

बाहेर जायफळाचं सरबत प्यायले. एसीने डोळ्यांना पाणी येतं माझ्या.

ठरलं. महागाचा.

दुपारी: नको. महागाचा पाठवला तर म्हणेल, आता बरा परवडला.

३० ऑगस्ट, शनिवार

तिलाच विचारून टाकू म्हणून देवळात गेले. लाकडी चंद्रकोरींची जोडी टाकायची, एका बाजूने सपाट, दुसरीने फुगीर. एक उताणी, एक पालथी, म्हणजे हो. दोन्ही पालथ्या, म्हणजे नाही. दोन्ही उताण्या, म्हणजे गेलेलं माणूस हसतंय, उत्तर देत नाही.

छापील पाठवू? हसली. बांबूचा पाठवू? हसली. तीन-तीन वेळा टाकल्या. शेजारची खिमकाकू म्हणाली, अगं, हसते म्हणजे खुशीत आहे. मी म्हटलं, तुम्हाला माझी पोर माहीत नाही. चिडली की पलीकडे बघून असंच हसायची. मी परत चंद्रकोरी उचलल्या तर मागचा म्हातारा खाकरला. म्हणाला, बाई, आमचीही माणसं मेलीत, जरा सरका.

आता मीच ठरवणार. सोमवारी सकाळी पहिलं काम तेच.

१ सप्टेंबर, सोमवार

तेओहकाकाचाच फोन आला. बांधायला दोन दिवस लागतात, बुधवारी दुपारपर्यंत सांगा. वर म्हणाला, एवढं कसलं कोडं, वहिनी, दोन्ही घ्या, पुष्कळजण घेतात. मी फोन ठेवून दिला. दोन्ही घेऊन कसं भागेल? तिने मला निवडायला सांगितलं होतं.

परत देवळात गेले. या वेळी दुसरंच विचारायचं होतं. चंद्रकोरी हातात धरून उभी राहिले. टाकल्या नाहीत. दोन्ही पालथ्या पडल्या असत्या तर?

हुई शान, लॅपटॉपचं मी बघते. तू एवढंच सांग. हॉस्पिटलात मी हाका मारत होते, त्या तुला ऐकू येत नव्हत्या, की ऐकू येऊनही तू बोलली नाहीस? दुपारी मी गाडीमागे जरा डोळा लावते, तेव्हा स्वप्नात ये. भांडायला आलीस तरी चालेल. पण बुधवारी दुपारपर्यंत ये.