विहिरीतलं लाल पाणी

ती. आत्याबाईंस,
विशालाक्षीचा नमस्कार.

मुडदे चिरणाऱ्या हाताने लिहिलेला कागद तुम्ही सोवळ्यात शिवणार नाही. म्हणूनच हे लिहायचा धीर होतो आहे.

आपल्या मेलकावेरी भागात पटकी आली, तेव्हा म्युनिसिपालिटीची डॉक्टर म्हणून मी विहिरींत पाणी लाल करणारं औषध टाकायला निघाले. आळीतले रामलिंगराव दारातूनच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, आधी आपल्या घरची विहीर लाल करा, मग आमची." मी केली. मग आळीने करू दिलं.

तुम्ही मात्र घागर उचललीत. "हे बाटलेलं पाणी तूच पी. मला कावेरी आहे."

आत्याबाई, तुम्ही पाणी भरता त्या घाटाच्या वरच्या अंगाला रोग्यांचे कपडे धुतात. सांगितलं, तर हसलात. "नदीला कसला गं रोग?" मला बाराखडी शिकवणाऱ्या तुम्हीच ना?

उद्या पहाटे घाटावर शिपाई असेल. तुम्हाला अडवायला तो कचरेल, म्हणून मीही असेन. सगळ्यांदेखत तुमची घागर धरीन. तुम्हाला पुन्हा स्नान करावं लागेल आणि मला घराचं दार बंद होईल.

हवे तेवढे शाप द्या. पण तहान लागली की तुमच्या सूनबाई अलमेलूने सोवळ्यात उकळलेलं कावेरीचं पाणी घ्या. त्याला मी हात लावलेला नाही.

तुमची
विशालाक्षी