पायाळू नातीच्या टाचेबद्दल

मु. पेडगाव

कासाअक्का, धाकट्या येडबाचं डोकं तुझ्या पायांवर. येलदरीला तुम्ही सगळे धडधाकट असाल, मेंढरांना चारा मिळत असेल. आमची खुशाली मात्र सोमवारवर अडली आहे. त्या दिवशी परभणीच्या डॉक्टरीणबाई आपल्या मल्हारच्या तान्ह्या लेकीच्या, राजेश्रीच्या, टाचेमागची आखडलेली शीर कापून मोकळी करणार आहेत आणि मल्हार सही करायला तयार नाही. (फोन केला असता; पण मी बोलू लागलो की तुझ्याकडची रेंज जाते.)

पोरीची दोन्ही पावलं जन्मतः आत वळलेली. दर आठवड्याला प्लास्टर बदलून ती बरीच सरळ आली. पण पोरगी जन्मली पायांकडून, म्हणजे पायाळू. आणि पायाळूचा पाय लागला की कमरेतली उसण जाते, ही ज्ञानगंगा आपल्या गावातून अजून दुथडी वाहते. उसण भरलेली माणसं दारात येऊ लागली. मी पेटलो. परवा पारावर उभा राहिलो आणि विचारलं, चाकापासून चंद्रापर्यंत पोचलेल्या माणसाने तान्ह्या लेकराच्या लाथेपुढे कंबर वाकवावी काय? टाळ्या पडल्या. सगळं गाव पारावर आहे हे बघून शेजारची धुरपताबाई आमच्या घरात शिरली, पालथी पडली आणि स्वतःच्या सुनेकरवी पोरीचा पाय कमरेवर चांगला दाबून घेतला. प्लास्टर त्याच सकाळचं, अजून ओलं. ते आत दबलं.

आपली सून साधना धावत पारावर आली. "मामा, भाषण ऱ्हाऊ द्या! पोरीची बोटं काळी पडायलीत!"

अक्का, माझं वाक्य अर्धंच राहिलं. जीपमध्ये सबंध रस्ता मी ती गार बोटं ओठांशी धरून फुंकत होतो आणि मला (मला!) एक शब्द सुचत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर कापलं. बोटं आधी पांढरी, मग हळूहळू गुलाबी झाली. मग पोरगी जी रडली, तसलं खणखणीत भाषण मी आजवर ऐकलेलं नाही. (धुरपताबाई सांगत फिरायलीय, "कंबर लय हलकी झाली, माय.")

नवं प्लास्टर घातलंय. शीर मोकळी केली नाही तर पोरीची टाच भुईला टेकायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. मल्हार खाली मान घालून बसलाय.

साधनाचा नमस्कार.

तुझा,
येडबा

ता. क. – अडलास कशाला, म्हणून मल्हारला विचारलं. म्हणाला, "आत्यानं सांगितलंय, पायाळूच्या पायाला लोखंड लावू नगा, गुण जातो." अक्का, माझी सगळी भाषणं एका पारड्यात आणि तुझं हे एक वाक्य दुसऱ्यात, तुझंच जड भरलं. आता तेवढंच छोटं दुसरं वाक्य त्याला फोनवर सांग: कापू दे.

पुन्हा ता. क. – गुण जात नाही. डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलंय (त्या हसल्या, पण 'जातो' म्हणाल्या नाहीत). टाच बरी झाली की पोरीची पहिली लाथ तुझ्याच कमरेला, हा माझा शब्द. फक्त पेडगावात कुणाला बोलू नकोस.