उडदाच्या पिठाची पट्टी

मेहकर
मार्गशीर्ष वद्य पंचमी, १९५४

प्रिय चन्नम्मा,

अप्पाचे आशीर्वाद. माझं अक्षर बघून पत्र चुलीत टाकू नकोस, आधी वाच. तीन वर्षांमागं राजेश्वर गावात तुझ्या सासरी मी भरल्या ताटावरून उठलो, तेव्हापासून तुझ्या घरचं पाणी प्यालो न्हाई. तुझी गंगी तापातून उठली होती, पोरीला उभं राहवत नव्हतं, डॉक्टरानं अंडं द्यायला सांगितलं आणि तू दिलंस. गळ्यात लिंग घालणाऱ्या घरात अंडं! मी काय काय बोललो ते तुला पाठ असेल. मलाही आहे.

आता इकडची बातमी. भादव्याच्या शेवटी विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरलो. पाय जागीच अडकला, अंग फिरलं आणि गुडघ्यात कट्‌कन वाजलं. सुजून भोपळा झाला. पाय टेकला की गुडघा आतल्या बाजूला लचकायचा. बीदरचे डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, आतली दोरी अर्धी तुटलीय, हैदराबादला जाऊन शिवून घ्या. मी म्हटलं, चाकूखाली पाय देणार न्हाई. मग तुझ्या अव्वानं कडगंची गावचा हाडवैद्य मडिवाळप्पा बोलावला. त्यानं लेप थापला, बांबूच्या कांबी लावून पाय आवळून बांधला, आणि दर आठ दिवसांनी पट्टी कशी बदलायची ते अव्वाला शिकवून गेला.

मी विचारलं, लेपात काय? अव्वा म्हणाली, उडदाचं पीठ अन् हळद. व्हय? उडदाचं पीठ असं फळीसारखं वाळतं? मी काय काल जन्मलो? म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. शेजारची राजूबाई, जिच्या कोंबड्यांमागं मी काठी घेऊन धावायचो, ती नेमकी पट्टीच्या दिवशी मागच्या दारानं यायची, पदराखाली काहीतरी झाकून. माझी नजर पडली की म्हणायची, मीठ मागायला आले. मीठ मागणारी बाई भरल्या हातानं येते का? आणि तुझी अव्वा पट्टी बांधून झाली की कार्तिकाच्या थंडीतसुद्धा डोक्यावरून न्हायची, मगच पूजेला बसायची. विचारलं, दोनदा कामून न्हातीस? तर म्हणे, हात हळदीचे झालेत. आता बोल! मी डोळ्यांत तेल घालून बाजेवर पडून राहिलो. राजूबाईवर संशय, वैद्यावर संशय, बायकोवर तर दिवसभर.

पाय मात्र सुधारत गेला. दीड महिन्यानं कांबी सुटल्या. मग कट्ट्यावर बसून पायाला वाळूची पिशवी बांधून उचलायची, सकाळ-संध्याकाळ. मी कण्हत थांबलो की अव्वा पहिल्यापासून करायला लावायची, अशी खट! आता काठीशिवाय शेतावर जातोय. परवा विहीर उतरलो.

पोरी, खरं सांगतो. दुसऱ्या पट्टीनंतरच मी एका पायावर परसात गेलो होतो. उकिरड्यात अंड्याची टरफलं दिसली. मी इकडंतिकडं बघितलं आणि काठीनं त्यांच्यावर राख लोटली. घरात येऊन पुन्हा तेच, सिद्धव्वा, लेपात काय? ती घाबरत म्हणायची, उडीद. गुडघा बरा व्हायला लागला होता ना! माझा धर्म शाबूत दिसावा म्हणून मी तिच्या तोंडून दर आठवड्याला खोटं वदवून घेतलं. पोटात घेणं वेगळं, वरून लावणं वेगळं, असं मनाला समजावून बघितलं. पटलं न्हाई. तीस वर्षं संसार केलेली बाई माझ्या भीतीनं स्वतःच्याच घरात चोरासारखी वागत होती. फार लाज वाटली.

आज सकाळी तिला सगळं सांगितलं. आधी रडली, मग कडाडली, तुमच्या गुडघ्याला चाललं ते नातीच्या पोटाला कामून चाललं न्हाई? तसाच उठून हे पत्र लिहायला बसलो. माझं चुकलं, चन्नम्मा. येत्या अमावास्येला, येळवशीच्या सणाला, अव्वाला घेऊन तुझ्याकडं यायलोय. राजूबाईच्या दारात स्वतः जाऊन गंगीसाठी सहा अंडी मागून घेतलीत. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, हसू दे. भुसा घातलेल्या टोपलीत ठेवून मोटारीत मांडीवर धरून आणतो. तू ये म्हणालीस तर आत येऊन तुझ्या चुलीवरची भाकरी खाईन. न्हाई म्हणालीस तर टोपली गंगीच्या हातात देईन आणि परत फिरेन.

तुझाच,
अप्पा