शेगडीवर काय बसवायचं

दि. ९ मार्च, रविवार, चहा झाल्यावर

माझ्या लाडक्या ठमाबाईला तिच्या आजीकडून पोटभर आशीर्वाद.

मी मजेत आहे. गुडघा तर इतका बरा आहे की त्याची आठवणसुद्धा राहत नाही. तुम्ही बापलेक दोघंही बरे असाल.

अगं, परवा तू फोनवर म्हणालीस ना, "आजी, नदीकाठी तंबू टाकून राहायला जायचंय. घडी होणारी छोटी गॅसची शेगडी घेतलीय. तिच्यावर जाळी बसवू की तवा बसवू, तूच सांग!" काय सांगू, मला असं काही वाटलं! डॉक्टर विचारतात दुखतं का. तुझा बाप विचारतो गोळ्या घेतल्या का. पण जिथे डोकं चालवावं लागेल असं मला कुणी विचारत नाही गं हल्ली. फोन ठेवला, चपला घातल्या, थेट भांड्यांचं दुकान गाठलं. रेडिओ चालूच राहिला घरात, परत आले तर बिचारा एकटाच बडबडत होता.

फोनवर तू घाईत असतेस, म्हणून लिहिते. मी चौथीपर्यंतची, त्यातही निम्मं वर्ष गोवरात गेलेलं, तेव्हा अक्षर लागलं नाही तर बापाला वाचायला दे. नको, थांब. हे पत्र त्याला दाखवू नकोस. तूच लाव नीट.

तर दुकानदार. त्याला आम्ही सगळे भोंगा म्हणतो, कारण त्याला हळू बोलताच येत नाही. मला बघून ओरडला, "आजी, तुम्ही आणि तंबूत?"

मी म्हटलं, "का रे? तंबूला जिने असतात का?"

मग त्याने चार प्रकार मांडले. मी म्हटलं, असं बघून काय कळणार, घरी नेऊन वापरते. तर म्हणतो, "हे काय लुगडं आहे का, अंगाला लावून बघायला?" पण दिले हो त्याने, नमुन्याचे जुने होते ते. मनाने चांगला आहे, फक्त आवाज तेवढा वाईट.

गच्चीवर माझी शेगडी नेली आणि सगळे लावून पाहिले. आता नीट ऐक.

जाळीवर चव सगळ्यात छान येते. वांग्याच्या चकत्या, कणसं, मासा, सगळ्याला धुराचा वास लागतो. पण तेल खाली ठिबकलं की जाळ भसकन वर येतो, आणि कांद्याचे तुकडे तर जाळीतून खालीच जातात. खालच्या मजल्यावरची शिक्षिका पळत वर आली, "आजी, काय पेटलं?" म्हणून. मी म्हटलं, वांगं पेटलं, बस, खाऊन जा. तिच्या वह्या तपासायच्या राहिल्या होत्या, गेली बिचारी.

खाचांचा तवा दिसायला झोकदार, बटाट्यावर कशा काळ्या रेघा उठतात! पण त्या खाचा घासता घासता माझी नखं गेली. नदीवर कोण घासत बसणार? तो बाद.

तिसरा तो हलका, वर गुळगुळीत लेप दिलेला. एका बोटाने उचलावा. अंडं त्याच्यावर असं घसरतं की आपणच हसावं. फक्त लाकडी उलथनं वापरायचं, लोखंडी लागलं की लेप खरवडतो. पुसला की झाला साफ.

आणि चौथा बिडाचा. जड आहे, पण एकदा तापला की वाऱ्यालाही दाद देत नाही. आणि मोठा आहे गं. मी मुद्दाम तीन माणसांचं मांडून पाहिलं, तीन अंडी, तीन पाव, कडेला बटाटे. सगळं एका वेळी होतं, कुणी कुणासाठी थांबायला नको. मग ते सगळं मलाच खावं लागलं, दोन्ही वेळचं. तरी एक पाव उरलाच.

म्हणून मी तुला बिडाचाच घे असं लिहिणार होते. वर असंही लिहिणार होते की, त्या तव्यापाशी कुणीतरी बसून राहावं लागतं. ऊन ऊन असतानाच पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा, नदीकाठच्या दमट हवेत ओला राहिला तर सकाळी गंज चढलेला. तू पाण्यात जाशील, तुझा बाप जेवला की घोरतो, मग तव्याकडे बघायला एक माणूस हवंच की नाही?

काल हे सगळं लिहून काढलं होतं. आज वाचलं आणि तो कागद फाडून टाकला. ठमे, तू मला तव्याचं विचारलंस, आणि मी तव्याआडून भलतंच काहीतरी घुसवत होते.

गेल्या वर्षी शेवाळावरून माझा पाय गेला, तुमची सहल अर्ध्यावर मोडली. प्लास्टर बांधून घरी आणलं तेव्हा तुझा बाप म्हणाला, "आता पुरे आई, तू घरीच बरी." रागाने नाही म्हणाला. घाबरला होता तो. म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही, आणि या वेळी तू जायचं म्हणालीस तेव्हाही नाही बोलले. फक्त शेगडी केवढी आहे ते विचारलं.

मला दगडांवर चालायचं नाही गं. पाण्यातही यायचं नाही. तंबूच्या दारात स्टूल टाकून बसेन, आणि तुम्ही दोघं ओरडत असाल ते ऐकेन. इथे दुपारी इतकं शांत असतं की नळ ठिबकतो तेही चालतं मला, बंद करत नाही.

तर खरा सल्ला असा. दोघांना जायचं असेल तर हलकाच घ्या. ओझं नाही, निगा नाही. मी मनापासून सांगते, त्यात रुसवाफुगवा काही नाही. तिघांना जायचं असेल तर मात्र बिडाचा.

भोंग्याला दोन्ही तवे बाजूला काढून ठेवायला सांगितलेत. "आजी, नक्की कुठला?" म्हणून त्याने अख्खा रस्ता गोळा केला. मी म्हटलं, नात सांगेल.

तुझ्या बापाशी बोल, आणि मला फक्त कुठला ते सांग. कारण नाही सांगितलंस तरी चालेल.

फोनपाशीच असलेली
तुझी आजी