करपलेला कीस

महाशिवरात्र, संध्याकाळ

आज ह्यांनी रताळ्याचा कीस खाल्ला आणि म्हणाले, ‘छान झालाय.’ अरे, करपला होता तो! गॅस बारीक करायला विसरले मी, घरभर वास सुटला होता.

लग्न झाल्यापासून माझ्या रताळ्यांना नावं ठेवतायत. उकडली तर पाणचट, भाजली तर मधे कच्ची. गुळातले काप केले की ठरलेलं, ‘सुरतेत राहून तुझा हात फार गोड झालाय, जरा मिरची घाल.’ आणि आज छान?

सकाळी डॉक्टरांकडे एकटेच गेले. मी चप्पल घातली होती, तरी ‘तू कशाला, गर्दी असते’ म्हणाले. आल्यावर म्हणे, ‘काही नाही गं, ॲसिडिटी आहे.’ मी पुढे विचारलं नाही. का नाही विचारलं?

कढईची खरवड मी खाऊन बघितली. कडूजहर. आणि हे छान म्हणाले.

उद्या उपास सोडताना उरलेल्या रताळ्यांची भाजी करीन. मुद्दाम अळणी. ताट सरकवून ओरडले तर देव पावला.

पण पुन्हा ‘छान’ म्हणाले तर?