दुधावरचा थर

४ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांचं पोट आजही नाकातल्या नळीनेच भरलं. ‘साहेब’ हे नाव नर्सने ठेवलेलं. काचेच्या पेटीत पडल्या पडल्या सगळ्यांना कामाला लावतो म्हणून! दोन महिने आधी आलाय, चोखता येत नाही. मी बाजूच्या खोलीत पंपाने दूध काढायचं, बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, नर्सने ते नळीतून सोडायचं. आई म्हणे मी! दूधवाली आहे नुसती.

पंपाच्या खोलीत अजून एक जण असते. तिची मुलगी साहेबांच्या शेजारच्या पेटीत. आम्ही एकमेकींकडे पाठ करून बसतो. बोलत नाही. शिष्ट असेल. मीही काही कमी नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नवऱ्याचा जहाजावरून फोन. ‘बाळ कसं आहे?’ एवढं ऐकू आलं आणि आवाज गेला. मी आपली बराच वेळ ‘बरं आहे, बरं आहे’ म्हणत राहिले — बंद फोनला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नर्सने जुनी नळी काढून नवी घातली. जुनी हातात घेऊन पाहिली — ताठ! नवी मात्र बोटाभोवती गुंडाळावी इतकी मऊ. असं कसं, विचारलं. ‘कडक होतात हो, म्हणून तर बदलतो.’ मग मऊपणा गेला कुठे?

डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी उडवाउडवी केली नाही. म्हणाल्या, प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात रसायन घालतात. ते हळूहळू सुटतं, दुधातल्या स्निग्धांशात जास्त उतरतं. एवढ्याशा बाळांना त्याचा त्रास होऊ शकतो, पुढे जाऊनही. किती, ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. ‘ते नसलेल्या नळ्या मागवल्यात. पण आज ही काढली तर तो उपाशी राहील.’ तेवढ्यात दुसऱ्या पेटीकडून हाक आली आणि त्या धावल्या.

म्हणजे माझंच दूध ते ओढून घेऊन त्याच्या पोटात नेतंय! कुणाला सांगू? आईला सांगितलं तर ती तिकडे हाय खाईल.

८ फेब्रुवारी, शनिवार

फ्रिजमधल्या दुधावर पिवळसर थर येतो. तोच स्निग्धांश! उकळलेल्या चमच्याने अलगद काढला, बेसिनमध्ये सोडला. खालचं पातळ दूध नर्सच्या हातात दिलं. किती दिवसांनी आपण त्याच्यासाठी काहीतरी केलं असं वाटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

थर काढला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वजन जागच्या जागी. नर्स कोड्यात पडली — ‘एवढं पितो, जातं कुठे?’ मी रिकामी बाटली धुवायला घेतली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वजन घटलं!

डॉक्टरीणबाई तपासण्या करायला निघाल्या. त्या काडीएवढ्या हातातून रक्त काढणार होत्या. तेव्हा मात्र राहवलं नाही, भडाभडा सगळं सांगून टाकलं. नर्सने कपाळावर हात मारला — ‘अहो, त्या थरावरच तर तो वाढतो!’ मी रडले. नर्स-डॉक्टरांदेखत, हुंदके देऊन.

आता बोलणी खायची म्हणून मान खाली घालून उभी राहिले. तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘मीच अर्धवट सांगून गेले. तुमची भीती खोटी नाही, उपाय चुकला.’ रसायन नसलेल्या नळ्या आल्याही आहेत. उद्यापासून सगळ्या पेट्यांना त्याच.

मी त्याला उपाशी ठेवलं. मोठी शहाणी!

१७ फेब्रुवारी, सोमवार

आता बाटली हळूच हलवून, थर मिसळून देते. आज वजन वाढलं — जरासंच, पण वाढलं! नर्सने साहेबांना सलाम ठोकला. कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं. नवऱ्याचा फोन लागेना. इथेच लिहिते. वाढला! वाढला!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पंपाच्या खोलीतली ती आज पहिल्यांदा बोलली. माझ्या हातातल्या बाटलीकडे बघत, अगदी हळू. ‘तुम्ही वरचं काढायचं बंद केलंत का? मीही काढते हो, बेसिनपाशी तुमचं बघून. म्हटलं, यांना काहीतरी माहीत असणार. पण माझी काही वाढेना... कधीचं विचारणार होते. पण तुम्ही कुणाशी बोलतच नाही.’